संयोगिताबाईंचा विचारायचा तास

खोडजाईवाडीच्या शाळेत संयोगिताबाई रुजू झाल्या तेव्हा पहिली ते चौथीची मिळून एका खोलीत मावतील एवढी पोरं होती आणि ती सगळी एकाच ठिकाणी बघत होती. बाईंच्या हातांकडे. कोपरापासून बोटांपर्यंत बाईंचे दोन्ही हात पांढरे होते. मधेच कुठेतरी मूळचा सावळा रंग टिकून राहिलेला. ओठांच्या कडेलाही तसंच. वाडी कराड-पाटण रस्त्याच्या फाट्यापासून बरीच आत, वडापची जीप मनाला येईल तेव्हा येणार अशी. तिथं नवं माणूस दिसलं की चार दिवस बघितलं जायचंच. पण हे बघणं वेगळं होतं. बाईंना ते लांबूनही ओळखू यायचं.

त्यांनी हजेरी घेतली. फळ्यावर तारीख लिहिली. मग खडू ठेवला, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बघून झालं असेल तर विचारा."

कुणी बोलेना. शेवटी पहिलीतला यशराज उभा राहिला. हा पोरगा घरी, शेतात, मयतीला, कुठंही पहिला प्रश्न विचारायचा आणि त्याबद्दल घरी मार खायचा, हे बाईंना नंतर कळलं.

"बाई, ह्यो खडू हाय का?"

"नाही."

"मग रंग द्यायचा राहिलाय?"

"रंग होता. गेला."

"कुटं?"

"ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

यशराजचं समाधान झालं नाही, पण डॉक्टरलाच माहीत नाही म्हटल्यावर पुढं विचारण्यात अर्थ नव्हता. तो बसला. मग खिडकीजवळची प्रांजल उठली. दोन वेण्या, रिबिनी, तोंडाला भरपूर पावडर. वाडीतल्या सुभेदार हंबीररावांची नात. तिनं विचारलं, "आमाला लागतंय का ते?"

"नाही लागत. याला कोड म्हणतात. हात धरल्यानं लागत नाही, एकत्र जेवल्यानं लागत नाही. बघायचं असेल तर धरून बघ."

प्रांजल पुढं आली आणि तिनं बाईंचा हात धरला. चांगला दाबून बघितला, उलटा करून बघितला. "गरम हाय," असं तिनं वर्गाला सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर सगळ्या वर्गानं रांग लावून हात धरला. गणिताचा तास त्यात गेला.

बाई अशा पहिल्यापासून नव्हत्या. त्याआधी खंडाळ्याकडच्या एका शाळेत त्यांनी उन्हाळा-हिवाळा पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घातले. कुणी बोटांकडे बघितलं की त्या हातात खडू घ्यायच्या. पोरांना वाटायचं, बाईंना फळ्यावर लिहायची लय आवड. तिथं त्यांनी पोरांना सगळं शिकवलं, पण एकाही पोरानं त्यांना त्यांच्याबद्दल काही विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही. निरोपाच्या दिवशी एक छोटी मुलगी त्यांच्या पाया पडायला वाकली आणि पायापासून वीतभर अंतरावरच हात जोडून उठली. तिच्या आईनं तसंच शिकवलं असणार. पोरगी आज्ञाधारक होती. बाई एसटीत बसल्या आणि कराड येईपर्यंत त्या वीतभर अंतराचा विचार करत राहिल्या.

त्यांचं माहेर तासगावकडचं. पहिला डाग उठला तेव्हा त्या कॉलेजात होत्या आणि लग्न ठरलेलं होतं. डाग पैशाएवढा होता तोवर आईनं मनगटभर बांगड्या भरल्या. बांगड्यांच्या वर चढल्यावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं. आंबट बंद केलं, मासे बंद केले. माशावर दूध प्यायल्यानं हे होतं असं शेजारणीनं सांगितलं होतं. संयोगितानं जन्मात कधी माशावर दूध प्यायलं नव्हतं, पण विचारतंय कोण. नवऱ्या मुलाकडच्या मंडळींनी पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणून कळवलं. पत्रिका त्यांनीच आधी जुळवलेली होती.

पुढं कराडच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमधला अमृत बघायला आला. त्यानं चहा घेतला, हात बघितले आणि म्हणाला, "मला काय अडचण न्हाई. पण मला दमा हाय, ते आधीच सांगतो. थंडीत रात्र बसून काढावी लागती." संयोगिता म्हणाली, चालेल. एवढंच बोलणं झालं. बाकीचं मोठ्या माणसांनी बोलून घेतलं.

खोडजाईवाडीत पहिल्या दिवशी बाईंनी जे केलं ते ठरवून केलं नव्हतं. वडापमधून उतरताना त्यांना एवढंच वाटलं होतं की, पुन्हा तेवढी वर्षं खडू धरून उभं राहणं आपल्याच्यानं होणार नाही. पण विचारू देणं जमलं, म्हणून त्यांनी ते चालू ठेवलं. शनिवारी सकाळची शाळा असते. तिच्या शेवटी त्यांनी विचारायचा तास सुरू केला. ज्याला जे विचारायचं ते त्यानं समोर उभं राहून विचारायचं. ज्याला विचारलं त्यानं उत्तर द्यायचं, नाहीतर 'सांगायचं न्हाई' म्हणायचं. तसं म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही, शाळेत नाही आणि वाटेतही नाही. आणि उत्तर देणारा हसला तरच बाकीच्यांनी हसायचं.

मुख्याध्यापक आप्पासो गुरुजींनी दारातून हा प्रकार बघितला. ते जतकडचे. निवृत्तीला आले होते आणि निवृत्तीपर्यंत काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. "मॅडम, हे कुठल्या विषयात बसतं?" त्यांनी विचारलं.

"परिसर अभ्यास," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी मान हलवली. परिसर अभ्यासात बरंच काही बसतं.

पहिल्याच महिन्यात धुळाची पाळी आली. धुळाचे वडील माणकडचे, मेंढरं घेऊन दरवर्षी इकडं यायचे. एका वर्षी हंबीररावांच्या पडीक माळावर थांबले ते थांबलेच. थोडी शेती वाट्यानं करू लागले. धुळा वर्गात बस्करपट्टीच्या टोकाला बसायचा आणि त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. त्याला कुणी काही बोलायचंही नाही. फक्त जागा सुटलेली असायची. बाईंनी जागा बदलून बघितल्या. धुळा मधे बसला की दोन्ही बाजूंनी जागा सुटायची, आणि तेवढ्यानं शेवटचं पोर दाराबाहेर जायचं.

शनिवारी प्रांजल उभी राहिली. "धुळा, तुज्या अंगाला वास का येतोय?"

बाई तिला थांबवायला खुर्चीवरून उठल्या. पण नियम त्यांचाच होता. त्या परत बसल्या.

धुळानं विचार केला. "मेंढरांचा येत असंल. मला येत न्हाई. तुमाला येतोय." मग त्यानं आणखी विचार केला. "तुज्या बी अंगाला येतोय."

"कसला?"

"पावडरीचा. तू माळावर आलीस की आमचं कुत्रं भुकतंय ते त्यामुळं."

धुळा हसला नाही, म्हणून कुणी हसलं नाही. प्रांजल खाली बसली आणि तिनं गुपचूप आपल्या दंडाचा वास घेऊन बघितला. पुढच्या शनिवारी धुळाला मेंढरांबद्दल एवढे प्रश्न आले की बाकीच्यांची पाळीच आली नाही. मेंढरू पोहतं का. लोकर कातरताना रडतं का. नाव कसं लक्षात राहतं. महिन्याभरात त्याच्या शेजारची जागा भरली. म्हणजे वास गेला असं नाही. वास होताच, फक्त तो कशाचा ते आता सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या एका शनिवारी यशराजला विचारलं गेलं, "तू अजून हातरुणात मुततोस का?" यशराज म्हणाला, "सांगायचं न्हाई." सगळ्यांना उत्तर कळलं. पण नियम पाळला गेला. यशराजला कुणीही, वाटेतसुद्धा, पुन्हा काही बोललं नाही. यशराजनं आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न कमी विचारला.

हिवाळ्यात परिसरातल्या शाळांच्या केंद्राकडून विविधता सप्ताह साजरा करून फोटो पाठवण्याचा निरोप आला. गुरुजींनी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर बघून तसंच केलं. प्रांजलला काश्मिरी केलं, यशराजला पंजाबी, आणि धुळाला कापसाची दाढी लावून बंगाली. फोटो पाठवला, वरून अंगठा आला. फोटोत बाई नव्हत्या. केंद्रप्रमुखांनी मॅडमनी थोडं बाजूला उभं राहिलं तर बरं, असं गुरुजींना फोनवर सुचवलं होतं. गुरुजींनी ते बाईंना सांगताना चष्मा पुसायला घेतला आणि बाई जाईपर्यंत पुसत राहिले.

असं दोन वर्षं चाललं. प्रांजल तिसरीतून चौथीत गेली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही.

पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, मामाकडं राहिली असेल. मग खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाईंनी भांडी घासता घासता, मान वर न करता सांगितलं. "सुबेदाराच्या नातीला उटलंय, बाई. डोळ्याच्या खाली. पांढरं."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"गाव म्हणतंय, हात धरला हुता," अंबूबाई म्हणाल्या. "मी न्हाई म्हणत. मी सांगाय लागलीया."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी रोज तुमाला च्या दिती. माजं अजून काय काळं-गोरं झालं न्हाई." अंबूबाईंनी पातेलं पालथं घातलं. "पर माज्या म्हणण्याला कोण इचारतंय."

त्या आठवड्यात वर्ग बदलला. कुणी भांडायला आलं नाही. वाडीत तशी रीत नाही. दोन पोरं आजारी पडली आणि आजारीच राहिली. काही आया पोरांना सोडायला यायला लागल्या, आणि पोरं आत जाईपर्यंत फाटकाशी उभ्या राहून बाईंच्या हातांकडे बघायच्या. बाई वह्या परत द्यायला लागल्या तेव्हा यशराज म्हणाला, "बाई, वही खाली ठेवा. आई म्हणाली, हातातनं घिऊ नगंस."

बाईंनी वही खाली ठेवली. यशराजनं ती उचलली, दाराकडे बघितलं. मग त्यानं वही परत बाईंच्या हातात दिली आणि हात पुढं केला. "आई हितं न्हाई पर," तो म्हणाला.

"आणि आईनं विचारलं तर?"

"सांगायचं न्हाई म्हणंन."

बाईंनी त्याच्या हातात वही दिली आणि फळ्यावर आधीच लिहिलेली तारीख पुन्हा गिरवली.

त्या दिवशी कराडला घरी गेल्यावर त्यांनी कणीक मळायला घेतली, हात धुतले, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण घेतला तेव्हा अमृत मागं येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"मीच म्हटलं होतं, धरून बघ," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मला माहीत आहे लागत नाही. सगळी पुस्तकं वाचलीत. पण पोरीलाच का? पहिला हात तिनंच धरला होता."

अमृत स्टुलावर बसला. संध्याकाळी गार पडलं की त्याला धाप लागायची, म्हणून तो वाक्यं लहान बोलायचा. "इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी झोपतोय. मला लागलं?"

"नाही."

"माझा दमा तुला लागला?"

"नाही."

"मग कणीक मळ. भूक लागलीय."

त्यांनी कणीक मळली. पण रडू आलं ते आलंच, आणि त्या रात्रीच्या पोळ्यांना वेगळं मीठ घालावं लागलं नाही, असं अमृत पुढं कधीतरी म्हणाला. तो विनोद होता की तक्रार, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नसे.

चार दिवसांनी हंबीरराव शाळेत आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. शर्ट पँटीत खोचलेला, चपलेला पॉलिश. त्यांचा मुलगाही सैन्यातच, आसामात. वऱ्हांड्यात गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. बाईंनाही बोलावलं, आणि स्वतः दोघांच्या मधे, कुणाच्याच बाजूला दिसणार नाही असे उभे राहिले.

"बाई, तुमच्यावर आमचा राग न्हाई," हंबीरराव म्हणाले. "शिकवता चांगलं. पोरीचे पाढे पाठ हायती. पर गावाचं बघाय लागतंय."

"गाव काय म्हणतं?"

"गाव म्हणतंय, पोरीनं तुमचा हात धरला."

"धरला होता."

"तुमीच धराय लावला."

"हो."

हंबीररावांनी नकाराची तयारी करून ठेवली होती. होकारापुढं काय करायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "मग?" ते म्हणाले.

"मग पोरीला डॉक्टरकडे न्यायला हवं. मी येते बरोबर. ते हातातून लागत नाही, साहेब. डॉक्टरांच्या तोंडून ऐका."

"आमी देवाचं बघतोय सध्या. त्यातनं न्हाई झालं तर बघू. तवर तुमी बदली मागून घ्या. आमी अडवणार न्हाई, वर शब्द टाकायचा तर टाकू."

"म्हणजे शासनाच्या दृष्टीनं बघायचं झालं तर," गुरुजी म्हणाले आणि तिथंच थांबले. शासनाची दृष्टी त्यांना त्या क्षणी आठवेना.

"बदली मागताना कारण लिहावं लागतं," बाई म्हणाल्या. "काय लिहू?"

"लिवा, वैयक्तिक."

"वैयक्तिक तर आहेच."

हंबीररावांनी शर्ट नीट खोचला. मग उठले, नमस्कार केला, शिस्तीत पायऱ्या उतरले. बाईंनी बदली मागितली नाही. मागितली नाही त्याचं कारण धैर्य नव्हतं. विनंती बदल्यांचा काळ उन्हाळ्यात येतो, आणि आता तर कुठं थंडी पडायला लागली होती.

पुढं एका रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. प्रांजलची आई, पूजा. आवाज अगदी बारीक. "बाई, तुमी कुटल्या डॉक्टरांकडं जाता? देवाचा गुण न्हाई आला म्हणून डॉक्टराला दावाय आमी कराडात आलोय. मामंजी हॉटेलात च्या घ्यायला गेल्यात."

बाईंनी पत्ता सांगितला आणि स्वतःही निघाल्या.

त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर सगळं घर बसलेलं होतं. हंबीरराव, त्यांची बायको म्हणजे प्रांजलची आजी, पूजा आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली प्रांजल. बाई आलेल्या बघून हंबीररावांनी पूजाकडे बघितलं. पूजानं भिंतीवरच्या खरजेच्या चित्राकडे बघितलं. पाळी आली तेव्हा सगळेच आत गेले, कारण कुणी बाहेर थांबायला तयार नव्हतं.

डॉक्टरांनी ओढणी सोडवली, ओल्या कापसानं पावडर पुसली. पावडरीचा थर जाड होता, तीन बोळे लागले. खाली डोळ्याच्या कडेला बोटभर पांढरा डाग. त्यांनी दिवा धरून बघितला आणि म्हणाले, कोड आहे. औषध देऊ, मलम देऊ, लहान वय आहे, बराचसा रंग भरून येऊ शकतो. येईलच असं नाही.

"लागलं कुणाचं?" हंबीररावांनी विचारलं. बाईंकडे न बघता विचारलं.

"हे लागत नाही. शिवण्यानं नाही, उष्ट्यानं नाही, कशानंच नाही. कधी कधी घराण्यात असतं, तेवढंच. तुमच्याकडे कुणाला होतं का?"

"आमच्यात कुणाला न्हाई," हंबीरराव म्हणाले.

"तुमच्या आत्याला हुतं," आजी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उघडून कागद पुढं ओढला.

"आत्या भाजल्या हुत्या," हंबीरराव म्हणाले. "चुलीवर पडल्या हुत्या लहानपणी."

"भाजल्या न्हवत्या. मी त्यास्नी न्हाऊ घातलंय शेवटची वर्षं. भाजलेलं मला कळतंय आन् ह्ये बी कळतंय." आजीच्या आवाजात भांडण नव्हतं. बाजारात वांग्याचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "तुमच्या वडलांनी सांगितलं भाजल्या म्हणून, मग सगळी तसंच म्हणाय लागली. त्या बी तसंच म्हणायच्या. लगीन न्हाई झालं त्यांचं. माजघरातनं कवा भाईर आल्या न्हाईत."

डॉक्टरांनी औषधं लिहिली, उन्हाची काळजी सांगितली. बाहेर पडताना हंबीरराव दारात थांबले, बाईंसाठी दार धरलं. बाई बाहेर आल्यावरही ते दार धरूनच उभे होते. मागच्या पेशंटला वाटलं ते दवाखान्याचे कर्मचारी, त्यानं त्यांना नंबर विचारला.

बाहेर झाडाखाली बाई प्रांजलजवळ बसल्या. "शाळेत कधी येतेस?"

"न्हाई येत."

"बरं. वर्गाला मी काय सांगू?"

प्रांजलनं पायातली चप्पल काढली, घातली. "तुमी नगा सांगू," ती म्हणाली. "मी सांगती."

ती शनिवारी आली. आजोबा सोडायला आले आणि फाटकाबाहेर थांबले. पूजानं सकाळी पावडर लावून पाठवलं होतं, पण वर्गात यायच्या आधी प्रांजलनं हापशावर तोंड धुतलं. ओल्या तोंडानंच ती आत आली. विचारायच्या तासाला तीच उभी राहिली.

"मला कोड उटलंय," ती म्हणाली. "विचारा."

पोरांनी बघितलं. पहिलीतली नवी पोरं बघत राहिली. मोठ्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मग त्यांची तोंडं कंटाळलेली दिसायला लागली. कोडाबद्दल विचारण्यासारखं सगळं त्यांनी पहिल्या वर्षीच विचारून घेतलं होतं.

"उन्हात भाजतंय का?" यशराजनं निव्वळ कर्तव्य म्हणून विचारलं.

"अजून न्हाई."

"शिवायची काय भीती न्हाई," तो पहिलीतल्या पोरांकडं वळून म्हणाला. "आमी लय येळा शिवलोय. बाईंना विचारा." आणि बसला.

मग धुळा उठला. त्याच्याजवळ प्रश्न नव्हता, माहिती होती. "आमच्याकडं एक मेंढी हाय," तो म्हणाला. "तिच्या बी डोळ्याखाली अगदी असंच पांढरं हाय. हुबेहूब. लय खाती."

प्रांजलचं तोंड लाल झालं. इतके दिवस ती घरात बसून ज्या बोलण्याची वाट बघत होती, त्यात मेंढी कुठंच नव्हती. तिनं पाटी उचलली आणि धुळाच्या डोक्यात घातली. धुळानं तिची वेणी ओढली. यशराज सोडवायला गेला आणि त्यालाही एक बसली. वर्ग एकदम जिवंत झाला. गुरुजी शेजारच्या खोलीतून धावत आले आणि दारातच थांबले, कारण बाई खुर्चीवर बसून तोंडावर पदर धरून होत्या आणि त्या हसताहेत की काय ते त्यांना ठरवता येईना.

बाईंनी दोघांना शिक्षा केली. दोघांनी मिळून वऱ्हांडा झाडायचा. प्रांजलला पाटीनं मारल्याबद्दल, धुळाला वेणी ओढल्याबद्दल.

"आन् मेंढी म्हटल्याबद्दल?" प्रांजलनं विचारलं.

"मेंढी चांगली हाय की," धुळा खरोखर न कळून म्हणाला. "सगळ्यात जास्त किंमत तिचीच येती."

फाटकाबाहेरून हंबीररावांना आपली नात रागानं केरसुणी मारताना दिसली. समोर धनगराचं पोर सुपली धरून. दोघं मोठ्यानं भांडत होती आणि डागाचा विषय त्यात नव्हता. ते बराच वेळ बघत राहिले. मग अंबूबाईंना विचारलं, शिक्षा कशाबद्दल झाली. अंबूबाईंनी सांगितलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "डिसिप्लिन पायजे." आणि घरी गेले.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. आजारी पडलेली दोन पोरं कराडच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जायला लागली. कारण इंग्रजी असं सांगण्यात आलं. यशराजची आई अजूनही बाई समोरून आल्या की पदर सावरते. हंबीररावांनी कधी माफी मागितली नाही, आणि बाईंनी तशी अपेक्षाही कधी धरली नव्हती. मात्र त्यांच्या घरात भिंतीवर, त्यांच्या वडलांच्या फोटोशेजारी, आत्याचा एक जुना फोटो लागला. अंबूबाई सांगत होत्या की फोटोत चेहरा अर्धा पदराखाली आहे, पण लोकांनी विचारलं तर सुभेदार आता भाजल्या म्हणत नाहीत. काय म्हणतात? काहीच म्हणत नाहीत. अंबूबाईंच्या मते तेही पुष्कळ झालं.

प्रांजलचा डाग मलमानं थोडा भरला आणि दुसरीकडं एक नवा आला. जूनमध्ये ती आणि धुळा पाचवीला फाट्यावरच्या मोठ्या शाळेत गेली. बाई रोज वडापमधून जाताना त्या शाळेच्या मैदानाकडं बघायच्या. एवढ्या पोरांत ओळखू काहीच येत नसे. पहिल्या महिन्यात प्रांजल एकदा फाट्यावर भेटली. बाईंनी विचारलं, कसं आहे.

"तिथं कोण विचारत न्हाई," प्रांजल म्हणाली. "नुस्तं बघत्यात."

"मग तू काय करतेस?"

"बघत्यात तवर बघू दिती. मग जाऊन सांगती, कोड हाय म्हणून. एक पोरगी रडली. मी काय केलं न्हाई तिला."

बाईंनी तिला उन्हात टोपी घालायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्या शाळेच्या वर्गशिक्षकांचा फोन आला. तक्रारच होती. खोडजाईवाडीची मुलं शिस्तीत कमी पडतात. वर्गात एक मुलगा आला आहे, पायात वाकडेपणा आहे त्याच्या. आम्ही बाकीच्या मुलांना ताकीद दिली होती की त्याच्या पायाकडे बघायचं नाही, विषय काढायचा नाही. "तुमच्या त्या धुळानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, पाय कशानं वाकडा झाला म्हणून."

"त्या मुलानं काय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं त्यानं. जन्मापासून आहे म्हणाला."

"मग?"

"मग काय. आता तो, धुळा आणि तुमची ती प्रांजल, तिघं एकाच बाकावर बसतात. पण मॅडम, काही पद्धत असते की नाही?"

"असते," बाई म्हणाल्या. "तो मुलगा पळतो का?"

वर्गशिक्षकांनी जरा विचार केला. "वाकडा पळतो," ते म्हणाले. "पण पळतो."

बाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. खिचडीची वेळ झाली होती, आणि पहिलीतली एक मुलगी ताट घेऊन समोर उभी राहून त्यांच्या हातांकडे बघत होती.